लाल पट्ट्याखालची वाळू

मी वाळूची मोजकाठी बोलतेय. खरं तर मान खाली घालून बोलायला हवं, पण मी पडले लोखंडाची, मला वाकता येत नाही. लाज वाटत असताना ताठ उभं राहावं लागतं, ही शिक्षा तुमच्या वाट्याला न येवो.

काठी हे नुसतं नाव. मी आठ हात लांबीची, मनगटाएवढी जाड नळी आहे. अंगावर हाताहाताच्या अंतराने काळे-पांढरे पट्टे, आणि मध्ये एकच लाल. नदीच्या पात्रात, जिथून घरं बांधायला वाळू काढतात, तिथे मला उभं केलं होतं. नियम शाळेतल्या पोरालाही कळेल असा होता. वाळू काढत जा, लाल पट्टा दिसला की थांबा. पावसाळ्यात नदी वरून नवी वाळू आणेल, पट्टा पुन्हा झाकला जाईल, मग पुन्हा काढा. नदी देईल तेवढंच घ्यायचं. हावरटांना वेसण म्हणजे मी.

माझं लोखंडही कुठल्याशा डोंगराच्या पोटातून उपसूनच काढलेलं. उपसलेल्या वस्तूलाच उपशावर पहारा ठेवायला बसवलं होतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण मी ठरवलं होतं, आपण प्रामाणिक राहायचं. प्रामाणिक राहिलेसुद्धा. सगळा घोटाळा तिथेच झाला.

मला रोवणारा माणूस खनिज खात्यात मोजणीदार होता. त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आली की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. या माणसाला तिरकं काही सहन व्हायचं नाही. दुसऱ्याच्या घरी गेला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं, तर आधी ते सरळ करायचा आणि मग "कसं काय, बरं आहे ना?" विचारायचा.

पहिल्या वर्षी त्याने मला रोवायला वाळूत खोल खड्डा घेतला, पण खाली खडक लागेना. मग सिमेंटचा एक ठोकळा ओतून त्यात माझा पाय बसवला आणि रजिस्टरात लिहिलं, "खडक सापडेपर्यंत तात्पुरती व्यवस्था." सोबत खात्याचा छापील फॉर्म होता. त्यातलं चौथं कलम असं, "काठी उभारतेवेळी लाल पट्टा वाळूच्या पातळीखाली दोन हात असावा." त्याने टेप लावून दोन हात मोजले. बोटभरही इकडेतिकडे नाही. काठावर त्याच्या धाकट्या बहिणीची रोपवाटिका आणि विहीर होती. त्या विहिरीच्या दगडी कठड्यापासून लाल पट्टा किती खाली आहे, तेही त्याने हौसेने मोजून ठेवलं. भरले दहा हात. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं.

त्या वर्षी लाल पट्टा दिसला तेव्हा खोदकाम खरंच थांबलं. ठेकेदाराने कुरकुर केली, पण ट्रक परत नेले. मला इतका अभिमान वाटला की उन्हात तापायच्या आधीच मी गरम झाले होते.

मग पावसाळा तोंडावर आला. पुरात मी वाहून जाईन, सरकारी लोखंड हरवेल, म्हणून ओळंब्याने मला ठोकळ्यासकट उपटून कचेरीच्या ओसरीत आडवं ठेवलं. घासलं, पुसलं, नवा रंग दिला. पूर ओसरल्यावर पुन्हा पात्रात नेलं, फॉर्म काढला, चौथं कलम वाचलं आणि लाल पट्टा वाळूच्या पातळीखाली दोन हात येईल असं मला पुन्हा रोवलं.

आता नीट ऐका, कारण पाप कुठे झालं ते पटकन दिसत नाही. खोदणाऱ्यांनी दोन हात वाळू नेली होती. नदीने पावसात परत आणली अर्धा हात. म्हणजे पात्र दीड हात खाली गेलं होतं. आणि मला त्या खाली गेलेल्या पातळीपासून पुन्हा दोन हात खाली रोवलं. माझ्याबरोबर लाल पट्टाही दीड हात खाली उतरला. खोदणाऱ्यांना परत दोन हात मोकळे झाले.

असं एकदा नाही, आठ वेळा झालं.

कुणी लाच घेतली नाही, कुणी रेघ खोडली नाही. दरवर्षी ओळंबा मला सरळ, स्वच्छ, कलमाबरहुकूम उभं करायचा. दरवर्षी पट्टा दिसला की काम थांबायचं. दरवर्षी अहवालात लिहिलं जायचं, "मर्यादेचं उल्लंघन नाही." एकदा मोठे साहेब आले, माझ्या अंगावर टिचकी मारून म्हणाले, "बघा, काठी असावी तर अशी." मी तेव्हा खुशीने वाजले होते. तो आवाज आठवला की अजून अंगावर गंज चढल्यासारखं होतं.

ओळंबा मला त्याची थोरली लेक म्हणायचा. त्याची खरी लेक कॉलेजात जमिनीचा आणि पाण्याचा अभ्यास करत होती. जिभेवर साखर ठेवायला ती जन्मतःच विसरली होती. आत्या तिला मिरची म्हणायची. बाप-लेकीचं वाजलं की ओळंबा मला रंग लावता लावता म्हणायचा, "ही बघ माझी थोरली. नऊ वर्षं झाली, एकदा उलटून बोलली नाही."

"लोखंड आहे ते बाबा," मिरची म्हणायची, "त्याला सांगितलं तिथे उभं राहतं. मला नाही जमणार."

मला तेव्हा वाटायचं, काय उद्धट पोरगी आहे.

इकडे काठावर आत्याची विहीर दरवर्षी खाली खाली जात होती. आत्या सावलीच्या झाडांची रोपं करायची. शाळांना, रस्त्यांना, नव्या घरांच्या आवारांना तिच्याकडूनच रोपं जायची. नवरा गेल्यावर तिने हीच वाटिका करून स्वतःचं पोट भरलं होतं. आधी तिने पंपाचा पाइप वाढवला. मग आणखी वाढवला. मग विहीर खोल करून घेतली. दर वेळी मोठी माणसं माना डोलवत म्हणायची, "पाऊसच राहिला नाही पूर्वीसारखा." हे वाक्य म्हणजे म्हाताऱ्यांची उशी आहे. डोकं ठेवलं की झोप लागते.

नवव्या उन्हाळ्यात विहिरीतून बादलीभर चिखल आला. शेडनेटखाली हजारभर रोपं माना टाकून उभी होती. त्या दिवशी माझा लाल पट्टा नुकताच उघडा पडला होता आणि ओळंबा मला उपटायची तयारी करत होता. आत्या तरातरा पात्रात उतरली. मागून मिरची.

"दादा," आत्या म्हणाली, "आठ दिवसांत पाणी लागलं नाही तर मी वाटिका बंद करतेय. कुणाच्या तरी घरी भांडी घासेन, पण रोज सकाळी उठून मरणारी रोपं नाही बघवत मला."

"अगं, पाऊस कमी..."

"पाऊस तेवढाच आहे," मिरची मध्येच म्हणाली. "वीस वर्षांचे आकडे काढलेत मी. दोन बोटांचा फरक नाही. विहिरीत येतं ते नदीच्या वाळूतलं पाणी. वाळू ओल धरून ठेवते. पात्र खाली गेलं, पाणीही खाली गेलं."

"पात्र खाली कसं जाईल? काठी आहे की!" ओळंबा माझ्यावर हात ठेवून म्हणाला. "एक वर्षसुद्धा पट्ट्याच्या खाली फावडं लागू दिलं नाही मी."

"मग मोजू या."

"तुला अजून जग कळायचंय, बाळ."

"जग कळायला पन्नास वर्षं लागत असतील तर लागू देत. पाइप द्या."

ती गवंड्यांची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी नेहमी एका पातळीत राहतं, त्यावरून दूरच्या दोन जागांच्या उंचीतला फरक काढता येतो. एक टोक आत्याने विहिरीच्या कठड्याला धरलं. काठाच्या उतारावरून टप्प्याटप्प्याने उतरत, प्रत्येक टप्प्याची उंची हातावर पेनाने लिहीत, मिरची माझ्यापर्यंत आली.

"कठड्यापासून लाल पट्टा किती खाली आहे, असं पहिल्या वर्षी लिहिलं होतं तुम्ही?"

"दहा हात," ओळंबा ताबडतोब म्हणाला. असले आकडे त्याला स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पाठ.

मिरचीने आपला हात त्याच्यासमोर धरला. मनगटापासून कोपरापर्यंत आकडे होते. खाली बेरीज होती, बावीस.

ओळंब्याने स्वतः पुन्हा मोजलं. तेही बावीस. तिसऱ्यांदा मोजायला त्याने नळी उचलली, तेव्हा आत्याने तिचं टोक त्याच्याकडून काढून घेतलं.

"बारा हात," तो म्हणाला. "पण मी एकदाही फॉर्म सोडून काम केलेलं नाही."

"तेच तर!" मिरची ओरडली. "तुम्ही फॉर्म धरलात आणि नदी सोडलीत. दरवर्षी नवीन पातळीपासून दोन हात. म्हणजे मर्यादा दरवर्षी आपणच खाली नेत होतो. एखाद्या चोराला एवढं नीटनेटकं जमलं नसतं, बाबा."

ओळंबा माझ्या पायाशी खाली बसला. मी त्याच्यावर सावली धरली असती, पण मनगटाएवढ्या नळीची सावली ती किती! त्याच्या एका खांद्यावरही पुरेशी पडली नाही.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. मला सगळं ठाऊक होतं. दरवर्षी माझा पाय आधीच्यापेक्षा खोल, गार, ओलसर वाळूत जातोय हे मला कळत होतं. जिथे पूर्वी माझा पाय होता, तिथे दोन-तीन वर्षांनी मोकळी हवा होती. मला वाटलं, मोठी माणसं आहेत, छापील कागद आहे, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. थोरली लेक ना मी, उलटून न बोलणारी. एकदा वाकडी झाले असते, आडवी पडले असते, रोवताना मोडले असते, तरी कुणीतरी विचारलं असतं की हिला काय झालं. मी सरळ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ओळंब्याने साहेबांना सगळं लिहून दिलं. स्वतःचं नाव, आठ वर्षं, बारा हात. साहेबांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "चार महिन्यांत निवृत्त होताय," ते म्हणाले, "चांगलं नाव आहे. कशाला स्वतःच्या तोंडाला काळं फासता? पुढच्या माणसाला बघू द्या."

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा मिरची म्हणाली, "पुढचा माणूसही चौथं कलमच वाचणार."

"हो," ओळंबा म्हणाला. "म्हणून त्याच्या हाती काठी जायला नको."

त्याने मला उपटलं, पण ओसरीत नेलं नाही. काठाजवळ, आत्याच्या विहिरीच्या खालच्या अंगाला, काळा खडक उघडा पडला होता. नऊ वर्षांपूर्वी शोधून न सापडलेला तोच खडक. आता तो शोधावा लागत नव्हता, आम्हीच त्याच्या अंगावरचं सगळं काढून नेलं होतं. ओळंब्याने खडकात भोक पाडून घेतलं. ठरल्या उंचीला मी पुरेना, म्हणून वेल्डरने भंगारातल्या नळ्यांचे तुकडे माझ्या पायाला जोडले.

"ओळंबेराव, काठी करताय की मनोरा?" वेल्डरने विचारलं.

"आरसा," मिरची म्हणाली.

"तुला नाही विचारलं गं."

"मग मी फुकट सांगतेय असं समजा."

चार बाजूंनी तारा ताणून मला उभं केलं. लाल पट्टा कठड्यापासून बरोबर दहा हात खाली आला, जिथे तो पहिल्या दिवशी होता. आणि त्याच्याखाली बारा हात रिकामी हवा. ओळंबा मागे सरकून वर बघत राहिला. त्याची टोपी पडली, ती त्याने उचलली नाही.

मला कुणी भर रस्त्यात उघडं उभं केल्यासारखं वाटलं. जी वाळू असायला हवी होती, ती नाही, आणि ती कुठवर असायला हवी होती ते माझं अंग सगळ्यांना दाखवत होतं. काठावरून जाणारे थांबायचे. एक बाई मुलीला सांगताना मी ऐकलं, "त्या लाल पट्ट्यापर्यंत नदी होती पूर्वी." मुलगी म्हणाली, "मग कुणी नेली?" बाईने तिचं बोट धरून तिला पुढे नेलं.

पावसाळा आला, गेला. पुरात तारा ताणल्या गेल्या, पण खडकाने पाय सोडला नाही. नदीने नेहमीसारखी अर्धा हात वाळू आणली. बिचारी अजून देतच होती. हंगाम उघडला आणि ठेकेदाराचे ट्रक काठावर येऊन उभे राहिले. लाल पट्टा डोक्यावर कितीतरी उंच. नियमाप्रमाणे एक घमेलंही उचलता येईना.

साहेब आले. मान वर करून बघताना त्यांना चष्मा धरावा लागला. "काढून टाका हे," ते म्हणाले.

ओळंब्याचा तो नोकरीतला शेवटचा आठवडा होता. "लिहून द्या साहेब," तो म्हणाला. "लाल पट्टा बारा हात खाली आणा, असं लिहून द्या. मी लगेच काढतो."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. काठावर तीस-चाळीस माणसं जमली होती. फॉर्मच्या आड जे आठ वर्षं चाललं होतं, ते उघड लिहून द्यायला त्यांचा हात धजेना.

मग ठेकेदार बोलला. तो काही राक्षस नव्हता, आवाजात खरी काळजी होती. "अहो, घरं कशानं बांधायची? दवाखान्याचं काम अर्ध्यावर आहे. या ताईंचं कॉलेजसुद्धा याच वाळूचं आहे. ओळंबेराव, तुमचं स्वतःचं घर?"

"माझंही," ओळंबा म्हणाला.

"एक कणही नाही द्यायचा," मिरची म्हणाली. "आठ वर्षं चापलंत, आता उपाशी राहा."

तेव्हा आत्या पुढे झाली. जिची अर्धी रोपं गेली होती, उरलेल्यांना जी टँकरचं पाणी लोट्याने घालत होती, तिने ठाम नाही म्हटलं असतं तर कुणाची बोलायची छाती झाली नसती.

"मिरचे, दवाखाना मलाही लागणार आहे," ती म्हणाली. "नदीनं अर्धा हात आणलीय ना? पाव तुम्ही घ्या, पाव तिची तिला राहू द्या. दरवर्षी. आणि पाडलेल्या जुन्या भिंतींचा चुरा फेकून देता तो चाळून वापरा आधी. पण पाव म्हणजे पाव हं. आणि ही काठी खडकावरून हलली, तर मी ट्रकसमोर आडवी होईन."

"पाव हातात काय होतंय, ताई?" ठेकेदार म्हणाला.

"माझ्या विहिरीत आत्ता जेवढं पाणी आहे, त्यापेक्षा बरंच."

मिरचीचा चेहरा पडला होता. हिशोब तिच्या डोक्यात चालूच होता. "पाव हाताने बारा हात भरायला अठ्ठेचाळीस पावसाळे लागतील, आत्या," ती हळू म्हणाली. "आठ वर्षांत नेलेलं."

"मग आजच सुरू करायला हवं," आत्या म्हणाली.

कागद झाला. साहेबांनी पाव हात मान्य केला, कारण बारा हात मान्य करण्यापेक्षा ते सोपं होतं. ओळंबा निवृत्त झाला. त्याचा सत्कार झाला नाही. ज्याची चूक झाली हे कुणालाच माहीत नव्हतं, त्याने ती स्वतः उघड केली म्हणून कचेरीतले लोक त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. तो मला अजून रंग लावायला येतो. आता मला थोरली म्हणत नाही. मला तेच बरं वाटतं.

आत्याची विहीर अजून भरलेली नाही, भरेल असं खोटं मी सांगणार नाही. यंदा उन्हाळ्यात बादलीला चिखलाऐवजी पाणी लागलं, गुडघाभर. तिने वाटिका अर्ध्या जागेत चालू ठेवली आहे.

मी इथे उभी आहे, खडकावर, लाल पट्टा हवेत घेऊन. वारा आला की तारा वाजतात आणि काठावरची माणसं वर बघतात. बघा, डोळे वळवू नका. तुमच्या घराच्या भिंतीत माझ्या अंगाखालची वाळू आहे, मला त्याचा राग नाही. घरं हवीतच. एवढंच मागते, की कुणी तुम्हाला मर्यादेची रेघ दाखवली आणि ती पाळली म्हणून पाठ थोपटली, तर आधी विचारा की ती रेघ कशावर उभी आहे. वाळूत रोवलेल्या रेघेवर माझ्यासारखा विश्वास ठेवू नका. आणि तुम्हाला माहीत असेल, तर वडीलधाऱ्यांसमोर गप्प बसू नका. मी बसले होते.

शेवटच्या पावसाळ्यानंतर वाळू माझ्या लाल पट्ट्याला टेकेल, तेव्हा मिरची अडुसष्ट वर्षांची असेल. कुणीतरी विशीतली पोर हातावर आकडे लिहून तिच्यावर खेकसत असेल, की तुम्ही म्हाताऱ्यांनी एवढंच केलं? मला वाटतं, मिरची तेव्हा "तुला अजून जग कळायचंय" असं म्हणणार नाही. ती म्हणेल, "पाइपचं एक टोक दे इकडे. मोजू या."